मासे : जिवंत बावीस

कंपनीची बस भोसरीच्या पुलाखाली अडकली होती तेव्हा सायलीचा फोन आला. "काका, एकच विचारायचंय. तुमच्या हौदातल्या चिलापींना कधी पिल्लं झाली का हो?" प्रश्न एवढाच. ज्योतीराम "बघून सांगतो" म्हणाला आणि फोन खिशात टाकल्यावर त्याच्या लक्षात आलं, की यात बघण्यासारखं काहीच नाही. हौद त्याच्या ताब्यातला, रोज सकाळी सव्वासातला माशांना दाणे टाकणारा हात त्याचा, आणि हे आज दहा वर्षं चाललेलं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने उत्तर दिलं असतं. मग बघून सांगतो असं का म्हणालो, हे तो स्वतःला विचारत राहिला. बस हलेना. शेजारी बसलेला पॅकिंगचा जयसिंग तोंड उघडं टाकून झोपला होता आणि त्याच्या अंगाला कंपनीच्या क्रीमचा तो गुलाबाचा वास येत होता, जो पस्तीस वर्षांत ज्योतीरामच्याही कपड्यांतून कधी गेला नव्हता.

सायली ही रोहिदासची मुलगी. रोहिदास म्हणजे मोशीच्या पुढे इंद्रायणीच्या काठावर भोयांची चार घरं आहेत, त्यांतला एक. पोरगी हुशार निघाली, प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करत होती, आणि बापाच्या जाळ्यातले मासे कॉलेजात नेऊन कापत होती. मागे एकदा तिने ज्योतीरामला सांगितलं होतं, की नदीतल्या नर माशांच्या पोटात अंडी सापडायला लागली आहेत. अख्खा नर, आणि पोटात अंड्यांचे कण. ज्योतीराम तेव्हा हसला होता. "कलियुग आहे बाई," म्हणाला होता. तीही हसली होती, पण उगीच आपलं मोठ्यांच्या मानासाठी. मग तिने शांतपणे समजावलं, की माणसं गोळ्या खातात, त्यांतलं कितीतरी औषध शरीरातून तसंच बाहेर पडतं, गटारात जातं, तिथून नदीत, आणि माशांची नर-मादीची घडणच बिघडवतं. पाळी थांबवायच्या गोळ्या, साखरेच्या, ब्लडप्रेशरच्या. साबण, शांपू, तोंडाला लावायची क्रीमं. शहराचं मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांना घाण काढता येते, पण हे इतकं बारीक असतं की बरंचसं निसटतं. "एकट्या कंपन्यांचा दोष नाही काका. सगळ्या पिंपरी-चिंचवडच्या न्हाणीघरांतून येतंय ते." हे शेवटचं वाक्य ज्योतीरामने तेव्हा नीट घडी घालून ठेवून दिलं होतं. आपल्याला कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवतात तसं.

कंपनी क्रीमं करायची, साबण करायची, आणि मागच्या शेडमध्ये दुसऱ्या एका मोठ्या कंपनीसाठी हार्मोनच्या गोळ्या पाडायची. या सगळ्याचं धुणं ज्या टाक्यांत येऊन पडायचं, तो विभाग ज्योतीरामचा. ईटीपी. सांडपाण्यात हवा सोडायची, गाळ बसवायचा, चुना टाकायचा, नमुना काढायचा, आणि स्वच्छ झालेलं पाणी थोडं बागेला आणि बाकीचं नाल्याला सोडायचं. ज्योतीराम कामचुकार नव्हता. परांड्याहून वीस-बावीसचा असताना आला तेव्हा त्याला ईटीपी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं, आणि आता नुसत्या फेसाच्या रंगावरून तो सांगायचा, की काल रात्री शेडमध्ये कोणती बॅच झाली. चुना कमी टाकून वरची कमाई करणारे त्याने पाहिले होते; तो त्यांतला नव्हता. लांड्यालबाड्या केल्या नाहीत याचा त्याला अभिमान होता, आणि आता बसमध्ये बसल्या बसल्या त्याला वाटलं, की लबाडी केली असती तर बरं झालं असतं. निदान मनाला सांगता आलं असतं, हे माझं पाप, म्हणून.

हौदाची कल्पना एका जुन्या साहेबांची. पाणी बाहेर पडतं तिथे निळ्या फरशीचा आठ बाय सहाचा हौद बांधायचा आणि त्यात मासे सोडायचे. पाहुणे आले, तपासणीवाले आले, की कागद दाखवायचे आणि मग हौदापाशी आणायचं. कागद कोण वाचतो? मासा मात्र सगळ्यांना कळतो. ज्योतीराम दाण्यांची मूठ टाकायचा, पाणी ढवळून निघायचं, साहेब म्हणायचे, "ज्या पाण्यात मासा जगतो, ते पाणी वाईट कसं?" आणि सगळे माना डोलवायचे. ज्योतीरामसुद्धा. त्याला ते मनापासून पटलेलं होतं. रोजच्या नोंदवहीत त्यासाठी एक छापील ओळ होती. मासे : जिवंत, मृत. दोनच रकाने. मेलेला मासा तो सकाळी पाहुणे यायच्या आत जाळीने काढायचा, तेवढी सवय कुणी न सांगता लागली होती. पण वहीत मात्र तो प्रामाणिकपणे लिहायचा. जिवंत बावीस, मृत एक. जिवंत एकवीस, मृत शून्य. संख्या पंधराच्या खाली आली की रोहिदासला सांगायचं, तो बादलीतून दहा-बारा चिलापी आणून द्यायचा, की पुन्हा बावीस-चोवीस. तिसरा रकाना कुणी छापलाच नव्हता, आणि छापला नाही म्हणून दहा वर्षांत त्याच्या मनातही आला नाही.

मनातही आला नाही, हे मात्र खरं नव्हतं. बस नाशिक फाट्यापाशी आली आणि ज्योतीरामला गावाकडचा हौद दिसला. आडाला लागून गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद. चुलत्याने एका उन्हाळ्यात सीना नदीच्या डोहातून चिलापीची एक जोडी आणून त्यात सोडली, डासांच्या अळ्या खातील म्हणून. दोन महिन्यांत हौद पिल्लांनी भरला. नुसता वळवळत होता. म्हैस पाण्याला तोंड लावायला बिचकायची. दुपारी आई झोपली की पोरं हौदाच्या काठावर पालथी पडून टाळी वाजवायची, आणि टाळीसरशी ती मोहरीएवढी पिल्लं धावत सुटायची आणि आपल्या आईच्या तोंडात शिरायची. सगळीच्या सगळी. मग मासोळी तोंड मिटून, गाल फुगवून, कोपऱ्यात उभी राहायची. जरा शांत झालं की एकेक बाहेर. पुन्हा टाळी. पोटाखाली तापलेला दगड, नाकात शेवाळाचा वास, आणि हसून हसून दुखणारे गाल. चिलापीला काही लागत नाही, डबकं असलं तरी चालतं, हे त्याला आठव्या वर्षापासून माहीत होतं. आणि हे माहीत असलेला माणूस दहा वर्षं रिकाम्या हौदापुढे, म्हणजे बावीस मासे असलेल्या रिकाम्या हौदापुढे, रोज उभा राहिला आणि म्हणाला, पाणी चांगलं आहे.

रहाटणीच्या घरी कौशल्याने भाकरी वाढली आणि त्याच्याकडे बघून विचारलं, "काय झालंय ओ? साहेब काय बोलले का?" त्याने सायलीचा प्रश्न सांगितला. तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मग, झाली का पिल्लं?" "नाही." "एक बी?" "एक बी नाही." तिने तवा खाली उतरवला. मग म्हणाली, "तिला म्हणावं, माझं ध्यान नव्हतं. पाण्यात राहून माशासंगं वैर कशाला? वर्ष-सव्वा वर्षाची नोकरी राहिली. आपलं नीट निभावून न्या." ती वाईट बाई नव्हती. तीस वर्षं त्याच्या पाठीशी उभी राहिलेली होती. जेवून तो हात धुवायला मोरीत गेला. फळीवर कंपनीच्या दिवाळीच्या डब्यातले शांपू, साबण, तोंड धुवायची ट्यूब ओळीने मांडलेली होती. शेजारी त्याची साखरेची गोळी, तिची थायरॉइडची. दरवर्षी त्या डब्यातलं निम्मं सामान कौशल्या रोहिदासच्या बायकोला, गिरजाबाईला पाठवायची. गिरजाबाई ते कौतुकाने वापरायची, नदीच्या घाटावर. त्याने नळ सोडला. हातावरचं पाणी मोरीत, मोरीतून पवनेत. सगळ्यांच्या न्हाणीघरांतून येतंय, सायली म्हणाली होती. त्याने ते घडी घातलेलं वाक्य आता उघडून पाहिलं. वाक्य खरं होतं. पण सगळ्यांना कुणी नदीच्या माणसापुढे उभं करून साक्ष द्यायला लावली नव्हती. त्याला लावली होती, आणि त्याने ती दिली होती.

नऊ वर्षं झाली त्याला. हौद बांधून वर्ष उलटलं होतं. नदीवर फेस आला, मासे उलटे होऊन तरंगायला लागले, आणि काठच्या गावची तीस-चाळीस माणसं घमेल्यात मेलेले मासे घेऊन गेटवर येऊन बसली. साहेबांनी ज्योतीरामला बोलावलं. "त्यांना तुझी भाषा कळते, तू समजाव." परांड्याची भाषा आणि मोशीची भाषा यांच्यात किती कोसांचं अंतर आहे हे साहेबांना काय ठाऊक? पण ज्योतीरामला बरं वाटलं होतं. तिघांना आत घेतलं, त्यांत रोहिदास. बाकीचे दोघे उभ्या उभ्या बडबडत होते, रोहिदास मात्र हौदाच्या काठाशी उकिडवा बसला आणि बघतच राहिला. ज्योतीरामने दाणे टाकले. मग काय अंगात आलं कोण जाणे, त्याने हौदातल्या पाण्याने ओंजळ भरली आणि तोंड धुतलं. "बघा. पाणी वाईट असतं तर हे जगले असते का? मी तोंड धुतलं असतं का?" रोहिदास म्हणाला, "जगत्यात खरं." थोड्या वेळाने म्हणाला, "पर भाऊ, बारकी दिसत न्हाईत." आणि ज्योतीरामच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मोठे खाऊन टाकतात रे. हौद केवढा, तो बारकी कुठं धरणार?" विचार करून बोललेलं खोटं नव्हतं ते. जीभ आपोआप वळली. गावाकडचा तो हौद याहून लहान होता. ते आठवायला एक क्षण लागला असता, आणि तो क्षण त्याने घेतला नाही.

निघताना रोहिदास मागे रेंगाळला होता. त्याचा मेव्हणा भिगवणला, धरणावर मासे धरायचा. तिकडे ये, मच्छीमारांच्या सोसायटीत तुझं नाव घालतो म्हणून मागे लागला होता. रोहिदासने हे गेटच्या आत, झाडाखाली, खालच्या आवाजात सांगितलं आणि विचारलं, "तुमी पाण्यातलं जानता. जाऊ का ऱ्हाऊ?" ज्योतीरामला असं आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. साहेब विचारत नसत, सांगत. घरात कौशल्या ठरवायची. तो छाती काढून म्हणाला, "राहा की. पिढ्यान्‌पिढ्यांची नदी सोडून कुठं जातोस? होईल सगळं ठीक." रोहिदासने मान हलवली, बाहेर जाऊन माणसांना काहीतरी बोलला, आणि माणसं उठली. त्या पर्यावरण दिनाला ज्योतीरामला शाल आणि नारळ मिळाला. भिगवणला रोहिदासच्या जागी मेव्हण्याचा साडू गेला. त्याची आता स्वतःची होडी आहे, दोन माणसं हाताखाली आहेत. रोहिदास इथे राहिला. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकत राहिला, जाळ्यात यायचं ते कमी होत गेलं, आणि तीन वर्षांपासून तो एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहतो. रविवारी तेवढा नदीवर.

आणि एवढं होऊन त्या माणसाने कधी एक वाकडा शब्द काढला नाही. उलट गावात कुणी कंपनीच्या नावाने ओरडलं, की म्हणायचा, "मी सोता बघितलंय, आमचे भाऊ तिथं हायेत." ज्योतीराम त्याला अरेतुरे करायचा आणि तो ज्योतीरामला तुमी म्हणायचा, दोघं जवळपास एका वयाचे असून. मध्ये एकदा हौदासाठी चिलापी द्यायला आला तेव्हा सहज बोलला होता, "खंड्या दिसत न्हाई भाऊ आता." त्या निळ्या पक्ष्याबद्दल बोलत होता तो. घाटावरच्या तारेवर बसायचा आणि दगडासारखा पाण्यात पडायचा. "गेला असेल कुठं," ज्योतीराम म्हणाला होता आणि बादली मोजायला लागला होता. खंड्या मोठे मासे खात नाही. तो बोटाएवढीच खातो. बोटाएवढी नसतील तर तो कशाला बसेल तारेवर? आधी पिल्लं गेली, मग पिल्लांवर जगणारा गेला, आणि रोहिदास बिचारा आपल्या परीने तेच सांगत होता. पाण्यातलं जाणणारा माणूस बादलीतले मासे मोजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला तो हौदापाशी उभा राहिला. आसपास कुणी नव्हतं. दाणे टाकायच्या आधी त्याने इकडे तिकडे बघितलं आणि टाळी वाजवली. सत्तावन्न वर्षांचा माणूस, निळा गणवेश, गळ्यात ओळखपत्र. मासे टाळीसरशी त्याच्या बाजूला आले, खायला मिळेल म्हणून तोंडं उघडून. गुबगुबीत, चकचकीत मासे. एकाचंही कल्ल्याशी तोंड फुगलेलं नव्हतं. त्याने पुन्हा टाळी वाजवली. मग त्याला रडू आलं. भडभडून नाही, डोळ्यांत पाणी आलं आणि तसंच थांबलं. त्याला या माशांची लाज वाटली. हे दहा वर्षं त्याच्या बाजूने साक्ष देत होते आणि त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. नोंदवही उघडून त्याने लिहिलं, जिवंत बावीस, मृत शून्य. मग पेन तसंच धरून बराच वेळ बसला. पुढे लिहायला जागा नव्हती.

बुधवार गेला, गुरुवार गेला. सायलीचा पुन्हा फोन आला नाही. पोरीला घाई नव्हती, किंवा ती समजून होती. त्याने मनात रोहिदासशी कितीतरी वेळा बोलून पाहिलं. एकदा रोहिदास शिव्या देत होता, एकदा कॉलर धरत होता, एकदा नुसता दार लावून घेत होता. यांतलं काहीही चाललं असतं. शिव्याच बऱ्या, असं त्याला वाटायचं. शिव्या खाऊन माणूस मोकळा तरी होतो. रविवारी सकाळी त्याने गाडी काढली. कौशल्या दारात आली. "सांगणारच का?" तिने विचारलं. तो फडक्याने सीट पुसत राहिला. तिने आत जाऊन गिरजाबाईसाठी पिशवी भरून आणली, हँडलला अडकवायला गेली, आणि मग स्वतःच थांबली. पिशवीत कंपनीचे साबण होते. ती पिशवी घेऊन परत आत गेली.

रोहिदास अंगणात बसला होता. जाळं दोरीवर वाळत होतं, पण कोरडंच दिसत होतं. "या भाऊ, या. जेवूनच जायचं आज." गिरजाबाई चुलीशी होती, कालवणाचा वास सुटला होता. सायली वह्या पसरून ओट्यावर बसली होती, तिने त्याच्याकडे बघितलं आणि नजर वहीत घातली. ज्योतीराम म्हणाला, "आज बरं घावलं वाटतं?" रोहिदास हसला. "कशाचं घावतंय! मोशीच्या बाजारातनं आणलं. भिगवनचं हाय." आणि भोयाने मासा विकत आणला याची लाज झाकायला म्हणून की काय, तो उठून पाण्याचा तांब्या आणायला गेला. ज्योतीराम उभाच राहिला. बसलो तर बोलता येणार नाही असं त्याला वाटत होतं.

"सायली," तो म्हणाला, "तू विचारलं होतंस ना. लिही. दहा वर्षांत एकही नाही. एकदाही नाही." सायलीने पेन उचललं. "काका, तुमचं नाव लिहू? कंपनीतल्यांना कळेल." त्याच्या डोळ्यांसमोर साहेबांची केबिन आली, उरलेलं सव्वा वर्ष आलं, कौशल्या आली. "लिही," तो म्हणाला. मग तो रोहिदासकडे वळला. रोहिदास तांब्या धरून उंबऱ्यात उभा होता. "रोहिदास, तू त्या दिवशी बारक्यांचं विचारलंस तेव्हा मी काहीतरी बोलून गेलो. चिलापीला पिल्लं व्हायला जागा लागत नाही. मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. हौदातल्या माशांना काहीतरी झालेलं होतं आणि तेच पाणी खाली तुझ्याकडे येत होतं. मी तुला राहा म्हणालो ते चुकलं माझं. तू भिगवणला गेला असतास तर..." गिरजाबाई चुलीपाशी वळून बघत होती.

रोहिदासने तांब्या खाली ठेवला. तो ओट्याच्या कडेला बसला, आणि त्याने हौदाकडे बघितलं होतं तसं कितीतरी वेळ अंगणाच्या मातीकडे बघितलं. ज्योतीराम वाट बघत होता. आता ओरडेल, आता उठेल. रोहिदासने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. "म्हंजी तवाच जायाला पायजे व्हतं," तो म्हणाला.

"हो."

"मेव्हना आता न्हाई घेनार. त्येचं बी वय झालं." तो थांबला. चेहऱ्यावर राग नव्हता. तोच चेहरा होता, कंपनीच्या झाडाखालचा, फक्त केस पिकलेले. "बरं. मग आता काय करू म्हनता? पोरगी म्हनती, नदीतलं खाऊ बी नका आनि इकू बी नका. आमाला दुसरं काय येत न्हाई. तुमी सांगाल तसं करू."

ज्योतीराम एक पाऊल मागे सरला. "मला नको विचारूस रोहिदास," तो म्हणाला. "हात जोडतो. मला आता काही विचारू नकोस."

रोहिदासने मान वर केली.

"मग कुनाला इचारू भाऊ?"

तो टोमणा नव्हता. रोहिदास खरंच विचारत होता, आणि उत्तराची वाट बघत होता.